अर्धी गाठ पाण्याची

"सोड! सोड म्हणते ना! हा दोरीचा शेंडा माझा आहे!"

"तुझा कसा? मी केव्हाचा धरून बसलो आहे!" अनंत म्हणाला.

"अरे, तू धरलास तो नीलाचा. नीलाचा माझ्याकडे आहे. आणि माझा..."

"भांडा, खुशाल भांडा! पण माझं बोट अडकून राहिलं ना इथे!" नीला ओरडली.

खरंच, तिचं बोट एका गाठीत अडकून लालबुंद झालं होतं. गोपिकाने भांडण बाजूला ठेवलं आणि नखाने गाठ सैल केली. बोट सुटलं. नीलाने त्यावर फुंकर घातली आणि म्हणाली, "हं, आता करा सुरू."

उन्हाळ्याची सुट्टी होती. धरमपेठेतल्या त्या गल्लीत सकाळची सावली जेमतेम कडुनिंबापुरतीच उरत असे. ऊन तापायच्या आत काय ते काम उरकायचं, मग दुपारभर घरात कोंडून घ्यायचं. म्हणून ही तिघं दात घासून, चहा-पोळी खाऊन लगेच झाडाखाली यायची. गोपिका आणि अनंत नुकतीच आठवीत गेली होती. नीला सहावीत. तिघांनी मिळून काढलेल्या मंडळाचं नाव होतं 'गाठोडे मंडळ'!

गोपिका गाईडच्या शिबिराला गेली आणि तिथून गाठी बांधायला शिकून आली, तिथून हे वेड सुरू झालं. चपटी गाठ, खुंटगाठ, शोभेच्या वेणीगाठी... तिने दोघांना शिकवल्या आणि मग गल्लीत बांधण्यासारखं काही उरलंच नाही. प्रत्येक घरी कुंडी टांगायला एक शिंकं गेलं. दारांना तोरणं गेली. किल्ल्यांना गोंडे आले. ज्यांना नको होतं त्यांनाही मिळालं!

पण आता हातात होतं ते काम सगळ्यांत मोठं होतं. जाळीचा झुला! तो होता वच्छलासाठी.

वच्छला म्हणजे नीलाची धाकटी बहीण. चिंचेवरून पडली आणि पाय मोडून घेतला. मांडीपर्यंत प्लास्टर. तेव्हापासून ती खोलीतल्या पलंगावर होती आणि खिडकीतून गल्ली बघत होती. बाहेर खाटेवर झोपवायचं तर खाट कडक, पाय दुखायचा. झुल्यात मात्र पाय अलगद राहील, असं गोपिकाला सुचलं. वच्छलाने ते ऐकलं मात्र, रोज सकाळी खिडकीतून तिची हाक यायची, "झाला का?"

जाळी विणून झाली होती. दोन्ही टोकांच्या दोऱ्या कड्यांत ओवायच्या तेवढ्या राहिल्या होत्या. आणि एवढ्यात...

धप्प!

"अवं माय! गेली! गेली वं माझी बादली!"

गल्लीच्या विहिरीवरून शेजारच्या रंभाबाईंचा आवाज आला. तिघं धावली. काठावर रंभाबाई डोक्याला हात लावून उभ्या होत्या. चाकावरून निळी दोरी मोकळीच लोंबत होती. खाली पाण्यावर बुडबुडे येत होते.

"पुन्हा?" अनंत म्हणाला.

"पुन्हा नाही तं काय! काल प्रेमिलाबाईची, परवा मास्तरांची, आज माझी! बादल्या गिळून राहिली ही विहीर!"

नळाला उन्हाळ्यात पाणी नावापुरतं यायचं, म्हणून सगळी गल्ली या विहिरीवर. दोर एकच, सगळ्यांचा मिळून. ज्याने त्याने आपली बादली आणायची, दोराला बांधायची, पाणी काढायचं आणि पुढच्यासाठी दोर सोडून द्यायचा. जुना अंबाडीचा दोर कुजला, म्हणून समोरच्या मनोहररावांनी इतवारीच्या बाजारातून हा नवाकोरा नायलॉनचा दोर आणला होता. निळाशार, चकचकीत. "हत्ती टांगला तरी तुटणार नाही!" असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते. दोर तुटलाही नव्हता. फक्त बादल्या पडत होत्या.

"कोणाचं काम आहे हे, ते मले माहीत आहे!"

मागून मनोहरराव आले. रेल्वेतून निवृत्त झालेले, उंच, पांढरी मिशी, हातात छत्री. विहिरीचा कारभार सगळा त्यांच्याकडे. त्यांनी छत्री तिघांकडे रोखली.

"काहून रे पोट्टेहो? सकाळपासून संध्याकाळपर्यंत गाठी बांधायच्या आणि सोडायच्या, हाच धंदा आहे ना तुमचा?"

"आम्ही? काकाजी, आम्ही तर झाडाखाली होतो!" गोपिका म्हणाली.

"आणि माझी सायकल फाटकाला कोणी बांधली होती?"

अनंतने मान खाली घातली. "ती... ती खुंटगाठीची प्रॅक्टिस होती, काकाजी."

"अन् माझी बादली तुमची परीक्षा होय रे?" रंभाबाई म्हणाल्या.

झालं! मनोहरराव तरातरा कडुनिंबाखाली गेले. त्यांनी दोरीचा गुंडा उचलला, जाळी उचलली आणि काखेत मारली.

"काकाजी, तो वच्छलाचा झुला आहे!" नीलाचा आवाज रडवेला झाला.

मनोहररावांचं पाऊल जरा अडखळलं. पण क्षणभरच. "बादल्या पडायच्या थांबू द्या. मग देतो."

खिडकीतून हाक आली, "झाला का?"

नीला आत गेली. बाहेर आली तेव्हा तिचे डोळे ओले होते.

"रडली?" अनंतने विचारलं.

"मी सांगितलं तर म्हणाली, मी रडत नाही, घाम आहे. डोळ्यांतून कुठे घाम येतो का रे?"

गोपिकाने ओढणी कमरेला खोचली. "बादल्या कशा पडतात ते शोधून काढायचं. आजच्या आज! ऊठ, अनंत."

"शोधायचं काय त्यात? ज्याचा फायदा, तो चोर!" अनंत ऐटीत म्हणाला. "बादल्या पडल्या की कोणाला बोलावतात?"

"शालिकरामभाऊंना!"

शालिकराम हे गळवाले. लोखंडी आकड्यांचा घोस दोरीला बांधून ते विहिरीत सोडत आणि बुडालेल्या बादल्या वर काढत. थोड्या वेळाने ते आलेच. गळ पाण्यात सोडून, डोळे मिटून, दोरी बोटांत खेळवत ते बसले. जणू पाण्याखालचं त्यांना बोटांनी दिसत होतं.

अनंत त्यांच्याभोवती दोनदा फिरला. मग खाकरून म्हणाला, "शालिकरामभाऊ, या बादल्या इतक्या कशा पडतात हो?"

शालिकरामनी एक डोळा उघडला. "मले विचारून राहिला का माझ्यावर नाव घेऊन राहिला गा?"

"नाही, म्हणजे... फायदा तुमचाच आहे ना?"

"असं होय! मी बादल्या काढतो म्हणून मीच पाडतो! मंग पाऊस कोण पाडते? छत्रीवाला?"

नीला खो खो हसली. अनंतचे कान लाल झाले. एवढ्यात गळ जड झाला आणि पाणी गाळत रंभाबाईंची बादली वर आली.

"द्या बघू!" गोपिकाने ती हातात घेतली, उलटीपालटी केली, कडी निरखली. "अनंत, इकडे बघ. कडीला काय आहे?"

"काहीच नाही."

"तेच! दोर तुटला असता, कोणी कापला असता, तर तुकडा राहिला असता कडीला. नाही ना? म्हणजे गाठ सुटली."

"विहिरीच्या पोटात? पाण्याजवळ?" नीलाने डोळे मोठे केले. "म्हणजे पाण्यात कोणीतरी आहे!"

"आहे ना," शालिकराम गळ गुंडाळत म्हणाले, "बेडूक आहे. पण त्याच्या हाताले गाठ सुटत नाही वं."

दुसऱ्या दिवशी उजाडताच गाठोडे मंडळ विहिरीसमोरच्या कुंपणाच्या भिंतीवर बसलं. गोपिकाची आज्ञा होती, हात गुडघ्यांवर, सगळ्यांना दिसतील असे. दोराला हात लावायचा नाही, दोराजवळ जायचंही नाही.

"नाकावर माशी बसली तर?" अनंतने विचारलं.

"बसू दे."

मास्तर आले, पाणी भरून गेले. नीलाची आई प्रेमिलाकाकू आल्या, गेल्या. काहीच झालं नाही. मग मनोहरराव आले, लखलखीत पितळी बादली आणि छत्री घेऊन. तिघांना बघून त्यांनी भुवया वर केल्या.

"हात कुठे आहेत?"

"हे बघा, काकाजी!" सहा हात वर झाले.

"हं. तसेच ठेवा." त्यांनी दोर कडीतून घेतला, फिरवला, वळसा मारला, खेचला. "ही निरगाठ आहे, निरगाठ! आमच्या वडिलांनी शिकवलेली. सुटत नाही म्हणूनच तिला निरगाठ म्हणतात."

बादली खाली गेली. पाण्याला टेकली. तिरपी होऊन भरावी म्हणून मनोहररावांनी दोर सवयीने वर-खाली हिसकला. एकदा, दोनदा...

धप्प!

मनोहररावांच्या हातातला दोर एकदम हलका झाला. त्यांनी तो वर ओढला. शेंडा मोकळा, पाण्याने निथळत, अगदी सरळ!

भिंतीवर सहा हात अजून हवेतच होते.

मनोहरराव आधी दोराकडे, मग पाण्याकडे, मग पोरांच्या हातांकडे बघत राहिले. त्यांची मिशी थरथरली. ते तसेच घराकडे वळले. छत्री काठावरच राहिली.

"अगं, माझ्या हाताला मुंग्या आल्या! आता तरी खाली करू का?" नीलाने विचारलं.

रंभाबाई हसून हसून बेजार झाल्या होत्या. पदराने डोळे पुसत त्या बादली बांधायला लागल्या. "बाप्पा! त्यायचीच गेली! पण एक सांगू पोरीहो, दोर मात्र गुणाचा आहे. जुन्या दोराची गाठ सोडता सोडता दात पडायची पाळी यायची. ओली झाली की अशी दाटून बसे का खिळा घालून उकरा लागे. ही कशी हाताने मोकळी होते!"

गोपिका भिंतीवरून टणकन खाली उतरली. "मावशी! पुन्हा सांगा!"

"काय सांगू? दात पडायचं?"

"ओली झाली की काय व्हायचं?"

"दाटून बसे ना! काहून?"

"मावशी, जुना दोर कुठे आहे? टाकून दिला?"

"टाकते कायले? मी कपडे वाळत घालते त्याच्यावर."

अनंतच्या अंगणात सिमेंटचा हौद होता. तिथे तिघं जमली. एका हातात रंभाबाईंच्या अंबाडीच्या दोराचा तुकडा, दुसऱ्या हातात निळ्या दोराचा उरलेला तुकडा, अनंतच्या फाटकाला बांधलेला होता तो सोडून आणलेला. दोन डबे, दोन्हींना मनोहररावांसारखीच गाठ.

"आता बुडवा. आणि हिसके द्या!"

निळ्या दोराचा डबा दोन हिसक्यांत सुटला आणि तळाशी जाऊन बसला. अंबाडीच्या दोराचा डबा मात्र हिसकले तेवढे हिसके खाऊनही लोंबतच राहिला. वर काढला तेव्हा गाठ फुगून अशी आवळली होती की अनंतने दात लावले तरी हलेना.

"थू! काय कडू आहे!"

"पण मी दोन्ही गाठी सारख्याच सैल बांधल्या होत्या," गोपिका हळूहळू म्हणाली. मग तिचे डोळे चमकले. "अरे! सगळेच अशी सैल बांधतात! पक्की बांधायची सवयच नाही कोणाला! अर्धी गाठ माणसं बांधत होती आणि उरलेली अर्धी पाणी बांधत होतं. नायलॉन पाणी पितच नाही! तो घसरतो, आणि दोर ढिला झाला की गाठ आपली आपण उलगडते!"

"म्हणजे मास्तरांची आज पडली नाही, ते..."

"नशीब!"

मग सुरू झाली खटपट. निळ्या दोराला धरून ठेवेल अशी गाठ कोणती? एक वळसा जास्त घेतला, सुटली. चपटी गाठ मारली, घसरली. नीलाने तर गाठीवर गाठ, गाठीवर गाठ असा लाडूच केला. तो सुटला नाही, पण मग तो कोणालाच सोडवता येईना! ऊन चढलं, पाय भाजायला लागले, अनंतच्या आईने दोनदा हाका मारल्या. शेवटी गोपिकाने दोर कडीभोवती दोनदा फिरवला आणि शेंडा त्या दोन वेढ्यांच्या पोटातून घेऊन ओढला. वर आणखी एक अढी. दोर जितका ताणावा तितके वेढे शेंड्याला दाबून धरत होते. (गाठ शब्दांत नीट सांगता येत नाही. जवळ दोरी असेल तर करूनच पाहा.)

हिसके दिले. डबा लोंबत राहिला. अनंतने दिले, नीलाने दिले, तिघांनी मिळून दिले. राहिला!

"चला काकाजींकडे!" अनंत ओरडला.

"आत्ता? या उन्हात? झोपले असतील," गोपिका म्हणाली. "ऊन कललं की जाऊ."

ऊन कललं. तिघं गल्लीत आली आणि जागीच थबकली.

कडुनिंबाखाली झुला टांगलेला होता!

झालं होतं असं. पोरांचा दोष नाही, हे मनोहररावांना तिथेच विहिरीवर कळलं होतं. खिडकीतली वच्छलाही त्यांना दिसत होती. तोंडाने 'चुकलं' म्हणणं त्यांना कधी जमलं नव्हतं. म्हणून त्यांनी स्वतःच कड्या आणल्या, स्वतःच झुला टांगला. एक टोक कडुनिंबाला, दुसरं टोक प्रेमिलाकाकूंच्या ओसरीच्या खांबाला. आणि टांगला कशाने? त्याच निळ्याशार नायलॉनच्या उरलेल्या दोराने!

प्रेमिलाकाकू वच्छलाला उचलून पायऱ्या उतरत होत्या. वच्छलाचा चेहरा फुलून गेला होता. "नीला! बघ, झाला!"

"थांबा! काकू, थांबा! बसवू नका तिला!" गोपिका धावत सुटली.

"काय झालं?" मनोहरराव गोंधळले. "तुमचाच झुला आहे, पोरी. मी फक्त टांगला."

"काकाजी, गाठ सुटेल!"

"पुन्हा गाठ! अगं, इथे कुठे विहीर आहे? चांगली आवळून निरगाठ मारली आहे."

"तीच सुटते! हा दोर नायलॉनचा..."

"हत्ती टांगला तरी..."

"दोर नाही तुटत, काकाजी! गाठ सुटते!"

वच्छलाचा ओठ खाली लोंबला. प्रेमिलाकाकू तिला घेऊन तशाच उभ्या. मनोहररावांनी पोरांकडे पाहिलं, वच्छलाकडे पाहिलं आणि छाती पुढे काढली. "ठीक आहे. आधी मी बसून दाखवतो. मग तर झालं?"

गोपिकाने झुल्याखालची जमीन बघून घेतली. मग म्हणाली, "हाव काकाजी. आधी तुम्ही." आणि ती ओसरीवर पळाली. तिथली गादी ओढत आणून तिने झुल्याखाली सरकवली.

"हे काहून?"

"असू द्या ना."

मनोहरराव धोतर सावरून झुल्यात बसले. झुला कुरकुरला, ताणला गेला... आणि राहिला! त्यांनी दोन्ही हात पसरले. "बघा! आहे का काही?"

अनंतने गोपिकाकडे पाहिलं. गोपिकाचं तोंड उतरलं होतं. सगळं चुकलं की काय?

"काकाजी," नीला म्हणाली, "पण वच्छला अशी शहाण्यासारखी बसणारच नाही. ती झोके घेणार. घेऊन दाखवा ना!"

"हो हो, झोकेच घेणार!" वच्छला आईच्या कडेवरून म्हणाली.

मनोहरराव हसले. पाय टेकवून त्यांनी झोका घेतला. दोर ताणला, ढिला झाला. ताणला, ढिला झाला. कडुनिंबाच्या खोडावरचा निळा शेंडा किडा वळवळावा तसा मागे सरकू लागला.

"काकाजी, उतरा!" गोपिका किंचाळली.

धप्प!

मनोहरराव गादीच्या बरोब्बर मधोमध बसले होते. टोपी डोळ्यांवर आली होती.

"लागलं का हो?" प्रेमिलाकाकूंनी घाबरून विचारलं. वच्छलाला त्यांनी घट्ट छातीशी धरलं होतं.

मनोहररावांनी टोपी वर केली. त्यांनी मोकळा शेंडा हातात घेतला. मग वच्छलाच्या प्लास्टरकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा असा काही पडला की अनंतला हसू येता येता थांबलं.

"हिला बसवलं असतं तर..." शेंडा बोटांभोवती गुंडाळत ते म्हणाले, "गोपिका, ये इकडे. नीट सांग मले. सगळं सांग."

गोपिकाने सांगितलं. अंबाडीचा दोर, पाणी, अर्धी गाठ, सगळं. मध्ये मध्ये अनंत आणि नीला भर घालत होती. विहिरीवरून रंभाबाई आल्या, मास्तर आले, शालिकराम गळ खांद्यावर टाकून आले आणि कान देऊन ऐकत उभे राहिले.

"म्हणजे वडिलांनी शिकवलेली अर्धीच गाठ मी जन्मभर मारत आलो!" मनोहरराव म्हणाले. "आणि मिजास पूर्ण गाठीची! पोरीहो, अनंता, मी तुमच्यावर उगाच आळ घेतला. चुकलं माझं."

"जाऊ द्या ना, काकाजी," अनंत पुटपुटला. "सायकल तर मीच बांधली होती."

"ती चांगली बांधली होतीस! घाम निघाला होता सोडताना! शाब्बास रे पोट्टेहो! इतक्या मोठ्या माणसांच्या ध्यानात आलं नाही ते तुम्ही शोधलं. आणि शोधून गप्प नाही बसले, माझ्यासारख्या हट्टी म्हाताऱ्यासमोर उभे राहिले. उद्या सकाळी सगळी गल्ली विहिरीवर येईल आणि गोपिकाबाई आम्हाला गाठ शिकवतील!"

"मंग माझ्या गळाचं काय?" शालिकराम म्हणाले, आणि सगळे हसले. "नाही, हसू नका गा. मले बी शिकवा. गळाचा दोर बदलायचाच आहे यंदा."

गोपिकाने झुल्याची दोन्ही टोकं नव्याने बांधली. अनंतने लोंबकळून पाहिलं, दोघांनी मिळून उड्या मारल्या. मग प्रेमिलाकाकूंनी वच्छलाला अलगद झुल्यात ठेवलं. जाळीने तिचा पाय हळूच झेलला. तिने डोळे मिटले, उघडले, वर कडुनिंबाची पानं बघितली.

"दुखतं का गं?" नीलाने विचारलं.

"गप. मला वारा लागू दे."

संध्याकाळ होत आली तरी मनोहरराव घरी गेले नाहीत. झुल्याशेजारी पाट टाकून, चष्मा नाकावर ओढून, निळ्या दोराचा तुकडा खांबाला गुंडाळत ते बसले होते. बाकीची मुलं विहिरीवर गेली होती, रंभाबाईंची बादली बांधून द्यायला. वच्छला झुल्यातून मान काढून त्यांचे हात बघत होती.

"असं नाही, काकाजी. दोनदा फिरवा. आता शेंडा पोटातून घ्या."

"घेतला."

"तो पोटातून नाही, पाठीवरून गेला."

"अस्सं." त्यांनी सोडली, पुन्हा घेतली. जीभ दातांत धरून शेंडा ओढला. मग दोन्ही हातांनी जोरजोरात हिसके दिले. गाठ बसली ती बसलीच.

वच्छलाने झुल्यातून हात लांब करून त्यांच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास, काकाजी!"